झेंडा बरोबर, कारण चुकलं: ऑफसाइडचे बदल लाइनवरून कसे वाचायचे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका तरुण फुटबॉल रेफरीचा प्रश्न आहे. थोडक्यात तो असा: "काका, गेल्या रविवारी शाळांच्या सामन्यात मी लाइनवर होतो, झेंडा धरणारा साहाय्यक म्हणून. मधल्या फळीतून लांब, उंच पास आला. स्ट्रायकर ऑफसाइडमध्ये होता, म्हणजे शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या दोन पावलं पुढे. आपल्या गोलकडे धावत परतणाऱ्या स्टॉपरने, म्हणजे मधल्या बचावपटूने, उडी मारली, चेंडू त्याच्या डोक्याला चाटून पुढे गेला आणि स्ट्रायकरने गोल केला. मी झेंडा वर केला, रेफरीने गोल नाकारला. सामन्यानंतर स्ट्रायकरच्या कोचने मोबाइलवर फ्रान्सच्या एम्बापेचा गोल दाखवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, 'रूल बदल चुका है, पढ़ के आया करो.' मी म्हणालो, पास स्ट्रायकरसाठीच मारला होता, म्हणून ऑफसाइड. आमच्यात बरोबर कोण? आणि हे सतत बदलणारे नियम मैदानावर लावायचे कसे?"

तुझा झेंडा बरोबर होता. तू दिलेलं कारण मात्र चुकीचं होतं, आणि कोचचं कारणही चुकीचं होतं. निर्णय बरोबर आला म्हणून हे सोडून देऊ नकोस. चुकीच्या कारणाने दिलेला बरोबर निर्णय पुढच्या सामन्यात हमखास दगा देतो.

आधी कोचची क्लिप घेऊ. तो गोल १० ऑक्टोबर २०२१ चा, युरोपच्या नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यातला, मिलानच्या मैदानावरचा. फ्रान्सच्या थिओ हर्नांडेझने थ्रू पास दिला, एम्बापे त्या क्षणी ऑफसाइड जागेवर होता. स्पेनच्या एरिक गार्सियाने अंग झोकून, पाय ताणून चेंडू अडवायचा प्रयत्न केला, चेंडूला त्याचा जेमतेम स्पर्श झाला आणि तो एम्बापेकडे गेला. गोल दिला गेला, फ्रान्स २-१ ने जिंकलं. तेव्हाचा अर्थ असा होता की बचावपटू जाणूनबुजून चेंडूकडे गेला आणि त्याचा चेंडूला स्पर्श झाला, तर ती डेलिबरेट प्ले. मागचं ऑफसाइड तिथे संपतं. कोचने हे पाठ केलंय आणि त्यात त्याचा फार दोष नाही. २०१३ पासून आम्हा सगळ्यांना साधारण हेच शिकवलं गेलं होतं.

पण त्या गोलानंतर खूप गदारोळ झाला आणि जुलै २०२२ मध्ये इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डाने, म्हणजे नियम ठरवणाऱ्या मंडळाने, खुलासा काढला. गंमत बघ, नियम अकरामधलं वाक्य जवळपास होतं तसंच राहिलं. बदलला तो 'डेलिबरेट प्ले' या दोन शब्दांचा अर्थ. आता नुसता चेंडूकडे जाण्याचा हेतू पुरत नाही. चेंडू खेळाडूच्या ताब्यात येण्यासारखा होता का, म्हणजे तो सहकाऱ्याला पास देऊ शकला असता का, चेंडू स्वतःकडे ठेवू शकला असता का, निदान पायाने किंवा डोक्याने बाहेर काढू शकला असता का, हे पाहायचं. ते ठरवायला खुणा दिल्या आहेत: चेंडू लांबून आला आणि त्याला तो स्पष्ट दिसत होता का, वेग फार नव्हता ना, दिशा अनपेक्षित तर नव्हती, शरीर सावरून घ्यायला वेळ मिळाला का. जमिनीवरून आलेला चेंडू हवेतल्यापेक्षा सोपा, हेही त्यात आहे.

या खुणा तुझ्या स्टॉपरला लावून बघ. चेंडू लांबून आला आणि त्याला दिसत होता, हे खरं. तेवढी एक गोष्ट कोचच्या बाजूची. पण मुलगा गोलकडे तोंड करून पळत होता, मान वळवून उडी मारत होता, चेंडू उंच आणि वेगात होता, आणि शेवटी तो डोक्याच्या शेंड्याला चाटून गेला. या मुलाला तो चेंडू पास करता आला असता असं कोणी म्हणणार नाही. ही डेलिबरेट प्ले नाही. त्यामुळे पासच्या क्षणी जी ऑफसाइड जागा होती ती कायम राहिली आणि स्ट्रायकरने चेंडू खेळताच गुन्हा पूर्ण झाला. माझ्या मते आज गार्सियाच्या जागी कोणी तसाच झोकून पाय घातला, तर तो गोलही मिळणार नाही.

आता याची दुसरी बाजू, कारण हीच जास्त वेळा चुकते. समज, तोच स्टॉपर तोंड चेंडूकडे करून उभा आहे, आजूबाजूला कोणी नाही, चेंडू टप्पा घेऊन सावकाश येतोय. तो पाय फिरवतो आणि चेंडू नडगीला लागून मागे ऑफसाइड स्ट्रायकरकडे जातो. इथे झेंडा खालीच राहिला पाहिजे. त्याला वेळ होता, जागा होती, चेंडू ताब्यात घेण्याजोगा होता. त्याने तो वाईट खेळला, एवढंच. क्लिअरन्स फसला म्हणून ती डेलिबरेट प्ले नव्हती असं होत नाही. मैदानात सगळे ओरडतील, मुलाची आई ओरडेल, तुलाही त्या मुलाची दया येईल. तरी गोल द्यायचा.

यात एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेव: सेव्ह. गोलमध्ये जाणारा किंवा गोलच्या अगदी जवळून जाणारा चेंडू कोणी अडवला, मग तो गोली असो की गोललाइनवर उभा बॅक, आणि तो उसळून ऑफसाइड जागेवरच्या खेळाडूकडे आला, तर ऑफसाइडच. अडवणारा कितीही शांतपणे अडवो. खांबाला, बारला, रेफरीला लागून आलेल्या चेंडूचंही तसंच.

म्हणून माझी तुला पहिली सूचना: असा चेंडू आला की बचावपटूच्या पायाकडे बघू नकोस, त्याच्या कमरेकडे आणि खांद्यांकडे बघ. पाय चेंडूला लागला की नाही हे कळायला नजर लागते, पण तो सावरलेला होता की नाही हे त्याचं धड सांगतं. कंबर चेंडूकडे वळलेली, एक पाय जमिनीवर रोवलेला, तर खेळ. अंग हवेत, वाकलेलं, ताणलेलं, तर डिफ्लेक्शन, म्हणजे चेंडू नुसता लागून वळला. हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही, माझा अनुभव आहे. पण मंडळाने दिलेल्या सगळ्या खुणा शेवटी शरीराबद्दलच्या आहेत.

आता तुझ्या कारणाकडे येतो. पास कोणासाठी होता याला ऑफसाइडमध्ये काहीही किंमत नाही. दोन प्रश्न वेगळे ठेवायला शीक. पहिला: सहकाऱ्याने चेंडू खेळला त्या क्षणी हा ऑफसाइड जागेवर होता का? दुसरा: त्यानंतर त्याने खेळात भाग घेतला का? पहिल्याचं उत्तर मोजमाप आहे, दुसऱ्याचं उत्तर समज आहे. नुसतं जागेवर असणं गुन्हा नाही. 'ऑफसाइड है, लाइनमन, झंडा उठाओ' असं जे मैदानाबाहेरून ऐकू येतं, त्यात हे दोन्ही प्रश्न एक झालेले असतात.

मोजमापाचे बदल त्यामानाने सोपे आहेत. डोकं, धड, पाय यांतला कुठलाही भाग चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे असला तर ऑफसाइड जागा; हात मोजायचे नाहीत, गोलीचेही नाहीत. हात कुठे संपतो, तर काखेच्या खालच्या टोकाच्या रेषेवर. मध्यरेषा प्रतिस्पर्ध्याच्या हाफमध्ये धरायची नाही; पूर्ण शरीर स्वतःच्या हाफमध्ये किंवा रेषेवर असेल तर ऑफसाइड नाही. गोल किक, थ्रो-इन, कॉर्नर यांवर नाही. आणि २०२५ च्या बदलात एक बारीक गोष्ट आली: पायाने पास असेल तर चेंडूला पहिल्यांदा स्पर्श झाला तो क्षण धरायचा, पण गोलीने हाताने फेकला तर चेंडू हातातून सुटला तो क्षण. हात मागून पुढे येईपर्यंत स्ट्रायकर दोन-तीन पावलं पळालेला असतो, म्हणून हे स्पष्ट करणं गरजेचं होतं.

सगळ्यात जास्त वाद मात्र दुसऱ्या प्रश्नावर होतात, आणि त्यातही 'प्रतिस्पर्ध्याला अडथळा' या भागावर. चेंडूला शिवलं तर निर्णय सोपा. न शिवता? नियम चार गोष्टी सांगतो: गोलीची किंवा बचावपटूची नजर स्पष्टपणे अडवणं, चेंडूसाठी त्याच्याशी झुंजणं, जवळच्या चेंडूवर उघड प्रयत्न करणं ज्याचा प्रतिस्पर्ध्यावर परिणाम होईल, आणि अशी एखादी उघड हालचाल करणं ज्यामुळे त्याची चेंडू खेळायची क्षमता स्पष्टपणे बाधित होईल.

१४ जानेवारी २०२३ ला मँचेस्टरच्या दोन संघांच्या सामन्यात काय झालं ते बघ. युनायटेडचा रॅशफर्ड ऑफसाइड जागेवरून चेंडूमागे पळाला, बरंच अंतर चेंडूच्या अगदी जवळ राहिला, पण शिवला नाही. मागून त्याचा सहकारी ब्रुनो फर्नांडिस आला आणि त्याने गोल मारला. साहाय्यकाचा झेंडा वर होता, तरी रेफरीने चर्चा करून गोल दिला. नियमाचे शब्द घट्ट धरले तर बचाव करता येतो: शिवला नाही, कोणाशी भिडला नाही, नजर अडवली नाही. पण त्या पाठलागातल्या बचावपटूंच्या आणि गोलीच्या जागी उभा राहून बघ. चेंडू रॅशफर्डच्या पायात आहे असं मानूनच ते धावत होते, वेग आणि दिशा त्याच्यावर ठरवत होते. माझ्या मते ही उघड हालचाल होती आणि तिचा परिणामही होता. मी लाइनवर असतो तर झेंडा वर ठेवला असता आणि रेफरीला तेच सांगितलं असतं. माझ्याशी असहमत असणारे चांगले रेफरी आहेत, हेही तुला माहीत असू दे.

नजर अडवण्याच्या बाबतीत एक अडचण आहे, ती तू लाइनवर उभा राहिलास की लक्षात येते. स्ट्रायकर ऑफसाइड जागेवर आहे हे तुला बाजूने दिसतं, पण तो गोलीच्या डोळ्यांसमोर आहे की नाही हे तुला बाजूने दिसूच शकत नाही. ते रेफरीला दिसतं, आणि रेफरीला ऑफसाइड दिसत नाही. म्हणजे एका निर्णयाचे दोन अर्धे भाग दोघांकडे आहेत. अशा वेळी झेंडा झटकन वर करून मोकळा होऊ नकोस. जागेवर थांब, रेफरीकडे बघ, त्याला जवळ बोलाव आणि एवढंच सांग: "नऊ नंबर ऑफसाइड जागेवर होता. गोलीसमोर होता का?" पुढचं त्याने ठरवायचं. सामन्याआधी चहा पिताना हे दोघांनी बोलून घेतलं, तर मैदानात दहा सेकंदांत काम होतं.

नियम का बदलतात हे समजलं तर ते लावणं सोपं जातं, म्हणून थोडं मागे जातो. १८६६ पासून आघाडीच्या खेळाडूसमोर तीन प्रतिस्पर्धी असावे लागत. १९२० च्या दशकापर्यंत इंग्लंडमधल्या न्यूकॅसल संघाच्या बिल मॅक्क्रॅकनसारखे बॅक पुढे सरकून ऑफसाइडचा सापळा असा लावायचे की खेळ मध्यरेषेभोवतीच कोंबला जायचा. १९२५ मध्ये तिनाचे दोन केले. इंग्लिश लीगमधले गोल एका मोसमात ४,७०० वरून ६,३७३ वर गेले. १९९० मध्ये 'समान रेषेत असेल तर ऑनसाइड' आलं, तेही आक्रमणाला वाव मिळावा म्हणूनच.

त्या १९९० च्या बदलाने मी पोळलोय. मी १९८६ पासून झेंडा धरतो. तेव्हा समान रेषेत असणं म्हणजे ऑफसाइड, हे डोळ्यांत बसलेलं होतं. बदल मी वाचला होता, मला पाठ होता, विचारलं असतं तर बरोबर सांगितलाही असता. तरी पुढच्या मोसमात कितीतरी वेळा माझा हात आपोआप वर गेला. इथल्याच मुरारच्या एका सामन्यात मी असा एक स्वच्छ गोल झेंडा दाखवून रद्द करवला. स्ट्रायकर सोळा-सतरा वर्षांचा होता. तो भांडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. तो चेहरा मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी सरावालाही झेंडा घेऊन जायला लागलो. नवा नियम डोक्यात जायला एक संध्याकाळ पुरते, हातात उतरायला पूर्ण मोसम लागतो, आणि तो सराव सामन्यांतच झाला पाहिजे.

आता टीव्हीबद्दल, कारण कोच मंडळींची अपेक्षा तिथूनच येते. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात छताखाली १२ कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू ते सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे पहिल्या हाफमध्ये तीन गोल ऑफसाइडने गेले. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर तू आहेस, एक झेंडा आहे आणि पुसट चुन्याची रेषा. हिशेब करून बघ: स्ट्रायकर सेकंदाला सात मीटर धावतोय, बॅक उलट दिशेने चार मीटरने बाहेर येतोय. पासवरून नजर उचलून लाइनवर आणायला तुला सेकंदाचा दहावा भाग लागला, तरी दोघांमधलं अंतर एक मीटरहून जास्त बदललेलं असतं. म्हणून पास देणाऱ्याकडे बघून मग वळायचं ही सवय सोड. नजर शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेवर ठेव आणि पास कानाने पकड. चेंडूवर बूट आपटल्याचा आवाज आपल्या मैदानावर स्पष्ट येतो.

आणि रेषेत राहा. यात सबब नाही. तू बचावफळीच्या एक-दोन मीटर गोलकडे असशील, तर लांबच्या टचलाइनकडचा, म्हणजे पलीकडच्या बाजूरेषेजवळचा, समान रेषेतला स्ट्रायकर तुला ऑफसाइड दिसेल, आणि तुझ्या जवळचा खरा ऑफसाइड असलेला तुला ऑनसाइड दिसेल. मागे राहिलास तर नेमकं उलट. हा डोळ्यांचा दोष नाही, तिरक्या रेषेचा आहे. कितीही अनुभव असला तरी तो जात नाही. फळी सावकाश हलत असेल तर तोंड मैदानाकडे ठेवून बाजूला पावलं टाकत सरक. जानेवारीच्या सकाळी ग्वाल्हेरच्या धुक्यात पलीकडचा बॅक सावलीसारखा दिसतो. तसं असेल तर शंकेचा फायदा आक्रमणाला दे आणि झेंडा खाली ठेव.

झेंडा उशिरा वर करण्याबद्दल मला काळजी वाटते, म्हणून जरा ठामपणे लिहितो. टीव्हीवर साहाय्यक चाल संपेपर्यंत थांबतो, कारण मागे व्हिडिओ तपासणी आहे. ती पद्धत आपली नाही. आपण थांबायचं ते एवढंच बघायला की चेंडू नक्की कोण खेळतोय. दोन खेळाडू धावतायत, एक ऑफसाइडमधून, एक मागून ऑनसाइड येतोय, तर थांब, बघ, मग ठरव. पण एकटाच ऑफसाइड खेळाडू चेंडूवर जातोय, समोरून गोली धावत येतोय, तर झेंडा लगेच वर. मे २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा ताइवो अवोनियी अशाच एका चालीत, ज्यात ऑफसाइडचा झेंडा उशिरा आला, गोलखांबावर आदळला. पोटाची शस्त्रक्रिया झाली, त्याला कृत्रिम कोमात ठेवावं लागलं. आपल्याकडे चौदा वर्षांची मुलं खेळतात आणि खांब लोखंडी असतात.

बदल लागू कधी होतो, तर साधारण १ जुलैपासून. मंडळाची वार्षिक सभा त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. या मंडळात ब्रिटनच्या चार संघटनांना एकेक मत आणि फिफाला चार. बदलाला आठांपैकी सहा मतं लागतात. त्यामुळे मोबाइलवर जे 'नवीन नियम' फिरतात त्यातले बरेचसे नुसते प्रस्ताव किंवा प्रयोग असतात. माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांची सूचना, म्हणजे बचावपटू आणि स्ट्रायकर यांच्यात पूर्ण फट दिसली तरच ऑफसाइड, ही त्यातलीच. मला ती आवडते, पण ती छापील नियमपुस्तकात येऊन आपल्या स्पर्धेला लागू होईपर्यंत तिचा झेंड्याशी संबंध नाही. स्पर्धेच्या आधीच्या बैठकीत तू स्वतः उठून विचार: कोणत्या वर्षाचे नियम लागू आहेत? सगळ्या कोचसमोर उत्तर घे. अर्धे वाद तिथेच मिटतात.

राहिला तो कोच. त्याने चारचौघांत बोलायला नको होतं, पण त्याने क्लिप शोधून आणली, म्हणजे त्याला नियमात रस आहे. पुढच्या वेळी भेटला की तीच क्लिप त्याच्याबरोबर बसून बघ. गार्सियाचा पाय चेंडूला लागायच्या अगदी आधी चित्र थांबव आणि त्याला विचार: "सर, इस लड़के के पास पास देने का मौका था क्या?" मग तुझ्या स्टॉपरची उडी त्याला हाताने करून दाखव.